चार दिवस, तीन रात्री डोंगरात : मुक्कामाच्या जागा नकाशावरून आधी ठरवता येतात का?

पाऊलवाट :
दोघांनी चार दिवस चालायचं आहे. तयार कॅम्प नको, वर्दळीची वाट नको, तंबू आपल्याच पाठीवर. दिवसाला १५-१८ किमी चालायची सवय आहे, पण रिकाम्या सॅकनिशी. नकाशा वाचता येतो. प्रश्न दोन : रोज किती अंतर धरावं? आणि तंबूची जागा घरी बसून ठरवावी की तिथे गेल्यावर मिळेल ती घ्यावी? ओढ्याकाठी राहावं असं मनात आहे. सामानात कुठे चुकतं तेही सांगा.

कंटूर_काका :
किलोमीटर विसरा, तास मोजा. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ याचा १८९२ सालचा नियम अजून कामाला येतो : दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. १२ किमी आणि ९०० मीटर चढ असेल तर २ तास २४ मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे जवळपास चार तास. हा हिशेब हलक्या सॅकचा आहे. १३-१४ किलो पाठीवर असताना त्याची दीडपट धरा, म्हणजे सहा तास. थांबे, जेवण, वाट शोधणं यांना आणखी दीड तास. सकाळी साडेसातला निघालात तर तीन वाजतील, आणि तीन हीच योग्य वेळ आहे. मुक्कामाची जागा हेरायला सूर्यास्ताआधीचे दोन तास हातात हवेत.

मूळ नियमात उताराला वेळच नाही. तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा. गुडघे चढात नाही, उतारातच बोलायला लागतात.

पहिला दिवस सर्वांत छोटा ठेवा. सगळं खाणं त्या दिवशी पाठीवर असतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पाणकावळा :
ओढ्याकाठचा बेत रद्द करा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. तिथे दव जास्त, गारठा जास्त, जनावरं पाण्यावर येतात, आणि वर कुठे पाऊस झाला तर पाणी झोपेत दारात येतं. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहा.

खिंडही नको. नकाशावर सपाट आणि सुंदर दिसते, पण दोन्ही बाजूंचा वारा तिथूनच वाहतो. उघडी धार तर वाऱ्यालाही वाईट आणि विजेलाही. शोधायचा तो सोंडेवरचा, म्हणजे डोंगरातून खाली उतरत आलेल्या धारेवरचा, छोटा सपाट टप्पा : ओढ्यापासून ३०-५० मीटर उंच, वाऱ्याच्या आडोशाला, जिथे नकाशावरच्या कंटूर रेषा (सारखी उंची जोडणाऱ्या) अचानक विरळ होतात. मात्र दर १० मीटर उंचीला एक कंटूर असेल तर दोन रेषांमध्ये ८ मीटरचा कडा लपू शकतो, म्हणून प्रत्येक रात्रीसाठी तीन जागा खुणावून ठेवा : ठरवलेली, तिच्या तासभर आधीची, तासभर पुढची. वर बघायलाही विसरू नका. वाळकी फांदी किंवा सुट्या दगडांची घळ डोक्यावर असेल तर ती जागा नाही.

आता शांततेचं. गर्दी पाण्याजवळ असते. म्हणून तीन-चारला पाण्यावर थांबा, तिथेच शिजवा, खा, भांडी पाण्यापासून लांब धुवा, पिशव्या भरा आणि अर्धा-पाऊण तास पुढे जाऊन झोपा. अन्नाचा वासही मागे राहतो.

पाऊलवाट :
दोघांना किती पाणी उचलायचं मग?

पाणकावळा :
संध्याकाळचं जेवण पाण्यावरच झालं असेल तर रात्र, सकाळचा चहा-नाश्ता आणि पुढच्या पाण्यापर्यंतची चाल मिळून माणशी अडीच ते तीन लिटर. दोघांचं सहा लिटर, म्हणजे सहा किलो. घडी होणाऱ्या पिशव्या घ्या. दिवसभर सहा लिटर वाहणं हा वेडेपणा, पाऊण तास वाहणं परवडतं.

नकाशावरची तुटक निळी रेषा म्हणजे हंगामी ओढा. तिला पाणी धरू नका.

पाण्याच्या शुद्धीकरणात उकळी सोडून प्रत्येक उपायाला एक भोक आहे. पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू नाही. क्लोरीनच्या गोळ्या विषाणूंना पुरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यातून वाचतो. उकळी सगळ्याला पुरते : खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. वर वस्ती किंवा गुरं असतील तर नुसत्या फिल्टरवर राहू नका. आणि ओला फिल्टर गोठला की आतले तंतू तडकतात, बाहेरून काहीही दिसत नाही. थंडीत तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

तंबूतला :
सामानातली नेहमीची चूक म्हणजे भारी स्लीपिंग बॅग आणि स्वस्त मॅट. अंगाखाली बॅगचा भराव दबतो, दबलेल्या भरावात हवा राहत नाही, ऊब राहत नाही. जमिनीपासून वाचवते ती मॅट. तिच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते : उन्हाळ्यात २ चालेल, शून्याच्या आसपास ४ तरी हवी.

रात्रीच्या तापमानाला सरासरी १००० मीटरला ६.५ अंशांची वजावट धरा. अंदाज खालच्या गावाचा १४ अंश आणि तुम्ही १२०० मीटर वर, तर ६ अंश धरून चला. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री मात्र दरीचा तळ वरच्या टप्प्यापेक्षाही गार होतो.

तंबूच्या आत पाणी ठिबकलं की लोक तंबूला शिव्या देतात. ते बहुधा श्वासाचं बाष्प असतं. झरोके उघडे ठेवा, बाहेरचं कापड ताणून ठेवा, आतल्याला चिकटू देऊ नका, ओले कपडे आत वाळवू नका. निमुळती बाजू वाऱ्याकडे करा. खुंटी शिरत नसेल तर दोरी आडव्या काडीला बांधून काडीवर मोठा दगड ठेवा.

गॅस : एक लिटर उकळायला साधारण १५ ग्रॅम. दोघांचे रोजचे चार लिटर धरले तर ६० ग्रॅम, तीन रात्रींचे १८०. २३० ग्रॅमचा डबा पुरतो, वाऱ्याला आडोसा केला तरच. आडोसा डब्याभोवती गच्च गुंडाळू नका, डबा तापतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, म्हणून थंडीत आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण. तंबूच्या आत शेगडी कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कंटूर_काका :
परवानगीचं कुणी बोललं नाही. रानात तंबू लावायचा हक्क जागेगणिक बदलतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात राहता येतं, शेजारच्या इंग्लंडात बहुतेक ठिकाणी जमीनमालकाला विचारावं लागतं. वनखातं, मालक, राखीव क्षेत्र यांपैकी जमीन कुणाची, ते आधी शोधा. उशिरा तंबू लावा, लवकर काढा, चूल पेटवू नका. शौचाचा खड्डा १५-२० सेंमी खोल, पाण्यापासून ६० मीटर लांब. कागद परत न्यायचा.

घरी एका माणसाकडे नकाशाची प्रत आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळव’ ही वेळ. शिट्टी दोघांच्याही गळ्यात. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन.

पाऊलवाट :
आराखडा केला. दिवस १ : ९ किमी, ५०० मी चढ. दिवस २ : १२ किमी, ७०० मी. शेवटचं पाणी दुपारी २ ला, पुढे ४०० मी चढून टप्प्यावर मुक्काम. दिवस ३ : ११ किमी, ६०० मी, पहिलं पाणी सकाळी ११ ला. दिवस ४ : ८ किमी, सगळा उतार. चालेल?

पाणकावळा :
दुसरी रात्र बदला. दोन ते अकरा म्हणजे २१ तास कोरडे, शिवाय संध्याकाळचं जेवण वर. सहा लिटर पुरणार नाहीत, आठ लागतील, आणि ते आठ किलो थकल्या पायांनी ४०० मीटर वर न्यावे लागतील. पुढे जाऊन झोपायचा नियम सपाट वाटेचा, चढाचा नाही. त्या दिवशी पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटं बाजूच्या सोंडेवर जाऊन राहा आणि तो चढ सकाळी, गारव्यात, माणशी दोन लिटर घेऊन चढा. तिसरा दिवस तासा-दीड तासाने लांबेल, म्हणून त्या दिवशी सहाला निघा.