विषय: तैपेई अधिवेशन आणि आपला डायलिसिस प्रकल्प

प्रेषक: सेवा समिती

नमस्कार मंडळी,

रोटरी इंटरनॅशनलचं अधिवेशन १३ ते १७ जून २०२६ ला तैपेईत भरतंय. आपल्या परदेशातल्या मंडळातले चार सभासद आपापल्या रोटरी क्लबांकडून जाणार आहेत. माण तालुक्यातल्या धर्मादाय रुग्णालयाला तीन डायलिसिस मशीनं द्यायचा विषय आपल्याकडे गणपतीपासून चालू आहे. दहिवडीच्या पेशंटला साताऱ्याला जायचं तर एका बाजूला साठ-पासष्ट किलोमीटर पडतात, तेही आठवड्यातून दोन-तीन वेळा. सेवानिधीत आज चार हजार अमेरिकी डॉलर जमा आहेत. एवढ्यात एक मशीनसुद्धा येणार नाही. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटमधून (मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांसाठीच्या अनुदानातून) काम होईल असं बरेच जण म्हणतात. ते नेमकं कसं होतं आणि तैपेईला जाणाऱ्यांनी काय घेऊन जायचं, हे जाणकारांनी इथेच लिहावं. चार फोन करण्यापेक्षा सगळ्यांना एकदम कळेल.

सेवा समिती

---

प्रेषक: माजी डिस्ट्रिक्ट ग्रँट समिती सदस्य

नमस्कार,

आधी पैशांचं बोलतो, कारण गैरसमज तिथेच होतो. ग्लोबल ग्रँटचं एकूण बजेट किमान ३०,००० डॉलर असावं लागतं. मंडळ हा रोटरी क्लब नाही, त्यामुळे मंडळाच्या नावाने अर्ज करता येत नाही. अर्ज दोन क्लब मिळून करतात: एक प्रकल्पाच्या देशातला, तो होस्ट, आणि एक बाहेरचा, तो इंटरनॅशनल पार्टनर. मंडळाचे चार हजार आपल्या सभासदांच्या क्लबमार्फत घालता येतील, पण रोख देणगीवर रोटरी फाउंडेशनचा (रोटरीच्या अनुदान देणाऱ्या संस्थेचा) वर्ल्ड फंड जोड, म्हणजे वरची भर, देत नाही. जोड मिळते ती डीडीएफवर. क्लबांनी फाउंडेशनच्या वार्षिक निधीत दिलेल्या पैशांतला साधारण निम्मा भाग तीन वर्षांनी त्या त्या डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या क्लबांच्या गटाच्या) हाती परत येतो, त्याला डीडीएफ म्हणतात. त्यावर वर्ल्ड फंडातून ८० टक्के मिळतात.

हिशेब असा. आपल्या इथल्या डिस्ट्रिक्टने १०,००० आणि साताऱ्याकडच्या डिस्ट्रिक्टने १०,००० डीडीएफ दिला, तर २०,००० वर १६,००० जोड मिळून ३६,००० होतात. त्यात मंडळाचे ४,००० घातले की ४०,००० झाले. रोख रक्कम फाउंडेशनमार्फत पाठवली तर वर ५ टक्के खर्चापोटी द्यावे लागतात, म्हणजे ४,००० साठी ४,२०० भरायचे. याउलट आपण नुसती रोख गोळा करत बसलो आणि वीस हजार जमवले, तरी जोड शून्य. म्हणून वर्गणीची मोहीम काढण्याआधी डीडीएफ मागा. आणि चार हजार कमी वाटून कोणी संकोचू नये. हे फाउंडेशनच १९१७ च्या अटलांटा अधिवेशनात आर्च क्लम्फ यांनी मांडलेल्या कल्पनेतून निघालं आणि त्याला पहिली देणगी आली ती कॅन्सस सिटीच्या क्लबकडून, २६ डॉलर ५० सेंट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अधिवेशन १७ जूनला संपतं आणि रोटरीचं वर्ष १ जुलैला उलटतं. क्लबचा अध्यक्ष आणि डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, दोघंही त्या दिवशी बदलतात. तैपेईत एखाद्या गव्हर्नरने मनापासून ‘देतो’ म्हटलं, तरी पंधरवड्यात तो माजी झालेला असतो आणि नव्या माणसाने आपल्या वर्षाचा डीडीएफ आधीच वाटून टाकलेला असतो. बरे बरे प्रकल्प इथे अडकतात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, वेळच तशी असते. म्हणून प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन चेअरला (तिथलं फाउंडेशनचं काम बघणाऱ्याला) गाठा. त्या पदाची मुदत तीन वर्षांची असते आणि डीडीएफच्या मंजुरीवर गव्हर्नरबरोबर त्याचीही संमती लागते. सोबत येत्या वर्षाच्या गव्हर्नरला भेटा. मावळत्यांचे आशीर्वाद जरूर घ्या, पण आकडा येणाऱ्यांकडून पक्का करा.

होस्ट क्लब त्या वर्षासाठी पात्र ठरलेला आहे ना, हेही विचारा. क्लबच्या माणसांनी ग्रँट व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि करारपत्रावर सह्या लागतात. पात्रता दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना तीन-तीन जणांची समिती लागते. अर्ज ऑनलाइन सुरू केला की बारा महिन्यांत सादर करायचा, नाहीतर तो रद्द होतो. मंजुरीआधी केलेला खर्च कधीच भरून मिळत नाही, म्हणून रुग्णालयाने उत्साहात मशीनची आगाऊ रक्कम भरू नये, हे त्यांना आजच कळवा.

---

प्रेषक: डायलिसिस तंत्रज्ञ, मंडळाची सभासद

मंडळी,

काकांनी पैशांचं लिहिलं, मी पाण्याचं लिहिते. आपल्या कागदावर ‘तीन मशीनं’ एवढंच आहे. डायलिसिस केंद्र बंद पडतं ते बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, पाण्यामुळे पडतं.

एका सेशनला मशीन मिनिटाला ५०० मिली डायलायसेट (रक्त शुद्ध करायचं द्रावण) वापरतं. चार तासांत १२० लिटर. धुणं, प्राइमिंग (सुरुवातीला नळ्या भरून घेणं), निर्जंतुकीकरण धरलं तर सेशनमागे १५० लिटर शुद्ध पाणी पकडा. तीन मशीनं, दोन पाळ्या, म्हणजे रोज ९०० लिटर. आरओ प्लँट साधारण निम्मं पाणी टाकून देतो, म्हणून कच्चं पाणी रोज १,८०० ते २,००० लिटर लागेल. माणमध्ये एप्रिल-मेमध्ये हे कुठून येणार, हा प्रश्न मशीनच्या आधीचा आहे. टाकून दिलेलं पाणी संडास आणि फरशीसाठी वेगळ्या टाकीत घ्या, त्याची पाइपलाइन पहिल्याच आराखड्यात दाखवा.

उन्हाळ्यात पाणी टँकरचं असेल. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, कधी हात सैल सोडून. हे क्लोरीन कार्बनच्या टाक्यांनी अडवायचं असतं. म्हणून कार्बनच्या दोन टाक्या एकामागोमाग लागतात, एक नाही. पहिल्या टाकीनंतर नळ ठेवायचा आणि प्रत्येक पाळीआधी तिथलं एकूण क्लोरीन मोजायचं. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिली टाकी संपत आली. दुसरी टाकी त्या दिवसापुरतं वाचवते, म्हणूनच ती असते. कोटेशन कमी करायला पुरवठादार दुसरी टाकी गाळतात. ती गाळू देऊ नका. क्लोरामाइन (क्लोरीनपासून पाण्यात तयार होणारं संयुग) पाण्यातून पुढे गेलं तर पेशंटच्या लाल पेशी फुटतात, आणि तेव्हा खोलीतल्या सगळ्या पेशंटना एकदम त्रास होतो, कारण सगळी मशीनं एकाच लाइनवर असतात.

बोअरचं पाणी असेल तर उलटी भानगड. ते जड असतं. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरच्या टाकीत मीठ वेळेवर पडलं नाही की आरओच्या मेंब्रेनवर खार बसतो आणि वर्षभरात मेंब्रेन बदलायची वेळ येते. मिठाची गोणी ही फार स्वस्त वस्तू, पण ती भरायचं काम कोणाचं हे भिंतीवर नाव घालून लिहिलेलं नसलं, तर कोणीच भरत नाही.

क्षमतेचाही हिशेब आत्ताच करा. तीन मशीनं, दोन पाळ्या, सहा दिवस म्हणजे आठवड्याला ३६ सेशन. पेशंटला तीन सेशन धरले तर १२ पेशंट. पण हिपॅटायटिस बीच्या पेशंटसाठी एक मशीन वेगळं ठेवावं लागतं. मग बाकी दोन मशीनांवर आठच पेशंट बसतात. फलकावर ‘बारा पेशंट’ लिहिण्याआधी हे बघा. आणि वीज: मशीनची बॅटरी रक्ताचा पंप थोडा वेळ फिरता ठेवते, पण हीटर आणि आरओचा पंप बंद पडतो. आपोआप सुरू होणारा जनरेटर आणि मधल्या वेळेसाठी यूपीएस, दोन्ही बजेटमध्ये हवेत.

---

प्रेषक: एक सभासद

ताईंचं पत्र छापून ठेवण्यासारखं आहे. माझी शंका वेगळी. एवढ्या अर्जांपेक्षा मंडळाने चार हजार सरळ रुग्णालयाच्या ट्रस्टला पाठवले आणि यूपीएस तेवढा घेतला तर?

---

प्रेषक: माजी डिस्ट्रिक्ट ग्रँट समिती सदस्य

दादा, तसं पाठवण्याआधी ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची) नोंदणी आहे का ते विचारा. मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, म्हणून मंडळाचा पैसा भारताच्या कायद्याने परदेशी देणगी ठरतो. ट्रस्टला तो घेता येतो तो नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असेल तरच, आणि तोही फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. नोंदणी पाच वर्षांची असते, तेव्हा मुदत बघा. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणून ‘ओळखीच्या ट्रस्टकडे आहे एफसीआरए, तिथून पुढे देऊ’ हा मार्ग बंद आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम यात येत नाही. ओसीआय कार्डवाल्यांची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची) येते. आपल्यात दोन्ही प्रकारचे लोक आहेत, तेव्हा सगळ्यांचे पैसे एकत्र करून पाठवू नका.

ताईंच्या पत्राला जोडून: फाउंडेशन उपकरणाच्या प्रकल्पात नेमकं हेच विचारतं. पाणी कुठून, चालवणार कोण, सुटे भाग आणि डायलायझर-ट्यूबिंगचा (रक्ताचा फिल्टर आणि नळ्यांचा) खर्च ग्रँट संपल्यावर कोण देणार. हे सगळं अर्जाआधी करायच्या गरज-पाहणीत यावं लागतं. पाहणीचा खर्च ग्लोबल ग्रँटमधून मिळत नाही, डिस्ट्रिक्ट ग्रँटमधून करता येतो. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत असेल तर सेशनचे पैसे शासनाकडून येतात आणि टिकाऊपणाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे मिळतं. सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचं केंद्र जवळपास आहे का, तेही लिहा. ते लपवलं आणि मग कळलं, तर अर्ज परत येतो.

कोटेशन तीन घ्या, पण तिन्हींत देखभाल-करार सारख्याच वर्षांचा धरून घ्या. नाहीतर एकात पाच वर्षांची देखभाल, दुसऱ्यात एक, आणि स्वस्त दिसतं ते नेमकं महाग पडतं. समितीतल्या कोणाचं पुरवठादाराशी नातं किंवा धंदा असेल तर ते आधी उघड करावं लागतं. मशीनची मालकी रुग्णालयाची असते, क्लबची नाही.

---

प्रेषक: तैपेईला जाणारी एक सभासद

नमस्कार,

जागेबद्दल थोडं. मोठी सत्रं तैपेई डोममध्ये आहेत आणि हाउस ऑफ फ्रेंडशिप (क्लब-प्रकल्पांच्या स्टॉलांचं दालन) नानगांग प्रदर्शन केंद्रात. दोन्ही मेट्रोच्या निळ्या लाइनवर आहेत. त्या दिवसांत तिथे पावसाचा मोसम असतो, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

भागीदार मिळतात ते हाउस ऑफ फ्रेंडशिपच्या स्टॉलांवर आणि छोट्या सत्रांच्या दाराशी. मोठ्या सत्रानंतर हजारो माणसं एकदम बाहेर पडतात, तेव्हा कोणी उभं राहून ऐकत नाही. सकाळी सत्र चालू असताना स्टॉलवर गर्दी कमी असते, त्या वेळी जा. अमेरिका, भारत, कोरिया, तैवान आणि जपान हे फाउंडेशनला सर्वाधिक देणाऱ्या देशांत मोडतात, त्यामुळे तैवान, जपान आणि कोरियाच्या डिस्ट्रिक्टकडे डीडीएफ असण्याची शक्यता चांगली आहे. आणखी एक पार्टनर जोडला तर दोघांवरचा भार हलका होईल.

एकच पान न्यायचं. वर प्रकल्पाचं नाव, ठिकाण आणि होस्ट क्लब. मग पेशंट किती, आज किती लांब जातात, पाण्याचा स्रोत, सेशनचा खर्च कोण देणार. खाली पैशांचा तक्ता: कोणाकडून किती डीडीएफ पक्का, किती हवा. ‘किती हवा’ हा आकडा नसला तर माणूस पान घेतो, हसतो आणि पुढे जातो. मागच्या बाजूला हेच पारंपरिक चिनी लिपीत छापून घेऊ. तैवानमध्ये ती चालते, सरलीकृत नाही; भाषांतर-दुकानाला हे स्पष्ट सांगावं लागतं. फोटो पेशंटच्या चेहऱ्याचा नको, आरओ प्लँटसाठी राखलेल्या खोलीचा घालू. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, घेतल्यावर वाचायचं, मगच खिशात. कार्डाच्या मागे तिथल्या तिथे लिहा: कोण, कुठलं पद, १ जुलैनंतर त्या पदावर असणार का.

पानावर पाण्याची ओळ मात्र अजून रिकामी आहे. ताई, तपासणी कशी करायची?

---

प्रेषक: डायलिसिस तंत्रज्ञ, मंडळाची सभासद

मे महिन्यातच करा, पावसाळ्यानंतरचा अहवाल उपयोगाचा नाही. बोअरचा एक नमुना, टँकरचा एक. बोअर पाच मिनिटं वाहू देऊन मग बाटली भरा. कठीणपणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू मागा. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली वेगळी घ्यायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. क्लोरीन मात्र टँकरपाशी उभं राहून किटनेच मोजायचं, बाटलीत ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उडून जातं. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ आणि पाणी कुठलं ते लिहा. होस्ट क्लबच्या सचिवांना मी आज रात्री हे मराठीत पाठवते.