वित्तीय सेवांतील एआयच्या प्रत्यक्ष वापरावर न्याहारी-बैठक: आखणी कशी असावी?

प्रश्न

आमची संस्था बँका, विमा कंपन्या आणि गुंतवणूक संस्थांमधील अधिकाऱ्यांसाठी सकाळी दीड तासाची न्याहारी-बैठक आयोजित करत आहे. विषय आहे वित्तीय सेवांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रत्यक्ष वापर. अशा कार्यक्रमांत बहुधा भविष्याविषयीची भाषणे आणि सॉफ्टवेअर विक्रेत्यांची सादरीकरणेच होतात व आलेल्यांच्या रोजच्या कामाला त्यांतून फारसे काही मिळत नाही; ते आम्हाला टाळायचे आहे. सध्याच्या आराखड्यात कर्जमंजुरी, फसवणुकीचा शोध, ग्राहकसेवेचे चॅटबॉट आणि दस्तऐवजांची छाननी असे चार विषय आणि चार वक्ते आहेत. नियामक संस्थेच्या प्रतिनिधीला बोलवावे की नाही, याबद्दल आमच्यात एकमत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

दीड तासात चार विषय घेतले तर एकाही विषयाच्या गाभ्यापर्यंत पोहोचता येणार नाही. माझे काम मॉडेलच्या तपासणीचे असल्याने मी फसवणुकीचा शोध हा एकच विषय सुचवेन, कारण त्यातली अडचण साध्या आकडेमोडीने सर्वांसमोर मांडता येते. समजा, 1,00,000 व्यवहारांत 100 फसवे आहेत, मॉडेल त्यांतले 90 पकडते आणि प्रामाणिक व्यवहारांपैकी केवळ 1 टक्क्यावर चुकून बोट ठेवते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण तो 1 टक्का म्हणजे 999 व्यवहार, म्हणून एकूण 1,089 इशाऱ्यांपैकी खरे 90 च, म्हणजे साधारण बारांत एक. उरलेल्या ग्राहकांचे व्यवहार अडतात, त्यांना फोन कोण करणार, इशारे तपासणारी माणसे किती लागणार आणि सततच्या खोट्या इशाऱ्यांमुळे त्यांची नजर बोथट झाली तर काय, हे प्रश्न प्रत्येक संस्थेला भेडसावतात. वक्ता म्हणून विभागप्रमुखाऐवजी हे इशारे रोज हाताळणाऱ्या व्यक्तीला बोलवा. मॉडेलची अचूकता सादरीकरणात कशी दिसते आणि कामाच्या टेबलावर कशी दिसते, यातील अंतर तिलाच ठाऊक असते.

उत्तर २

एकच विषय घ्यावा, हे मान्य. तो कर्जमंजुरी असावा, असे मला वाटते. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्याने व्यक्तींची पत ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या गटात टाकल्या आहेत आणि आर्थिक फसवणूक शोधणाऱ्या प्रणालींना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. अमेरिकेत कर्ज नाकारले गेल्यास नेमकी कारणे जाणून घेण्याचा अधिकार अर्जदाराला समान पतसंधी कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे ‘गुणांकन कमी आले’ एवढे सांगून भागत नाही. शेकडो घटक एकत्र तोलणाऱ्या मॉडेलमधून असे कारण काढायचे, ते खरोखर निर्णयामागचे आहे याची खात्री करायची आणि सामान्य माणसाला समजेल अशा वाक्यात लिहायचे, हे काम प्रत्यक्षात कोण करते? चर्चेची सुरुवात याच प्रश्नाने करावी. शक्य असल्यास एखाद्या काल्पनिक अर्जाची माहिती आणि मॉडेलचा निष्कर्ष प्रत्येक टेबलावर ठेवून नकाराचे पत्र लिहायला सांगा. कायदा, जोखीम आणि तंत्रज्ञान विभागांतील माणसे एकाच टेबलावर बसवली, तर मतभेद आपोआप पुढे येतील.

उत्तर ३

नियामकाबद्दल लिहितो. बैठक चॅटम हाउस नियमाखाली घ्या: ऐकलेली माहिती वापरता येते, मात्र ती कोणी सांगितली किंवा बैठकीस कोण उपस्थित होते, हे उघड करता येत नाही. तो मूळचा 1927 सालचा नियम आजही उपयोगी आहे आणि तो निमंत्रणपत्रातच लिहावा, ऐन वेळी जाहीर करू नये. मात्र या नियमाने बोलणाऱ्याचे नाव बाहेर जात नाही एवढेच. समोर बसलेल्या नियामकाने जे ऐकले, ते ऐकलेलेच राहते. म्हणून आपल्या मॉडेलमधील उणिवा लोकांनी मोकळेपणाने सांगाव्यात अशी इच्छा असेल, तर पहिल्या बैठकीला नियामक नसावा. त्यातून निघालेले प्रश्न संस्थांची नावे न घेता लिहून काढावेत आणि पुढच्या बैठकीत त्याच्यासमोर ठेवावेत. विक्रेत्यांनी खर्चाचा भार उचलला असेल, तर त्यांना व्यासपीठ देणार नाही हे आधीच लेखी ठरवून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही कर्जमंजुरी हा एकच विषय ठरवला असून नकारपत्राचा सराव बैठकीच्या सुरुवातीलाच घेणार आहोत. विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना हा विषय परका वाटेल का?

उत्तर २

वाटणार नाही. आयुर्विमा आणि आरोग्यविम्यातील व्यक्तींची जोखीम व हप्ता ठरवणाऱ्या प्रणालीही त्याच युरोपीय कायद्याच्या उच्च जोखमीच्या यादीत आहेत. त्यांच्या टेबलावर कर्जाऐवजी विम्याचा अर्ज ठेवा.