आयसीयूच्या सिस्टरनी स्पेशालिटीचं सर्टिफिकेट करावं का? आणि ते सारखं रिन्यू का करायला लागतं?

सांगली_आयसीयू
नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत एका प्रायव्हेट हॉस्पिटलला आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, आयसीयूतच सहा-सात वर्षं होत आली. सध्या आमच्याकडं एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची, तयारी चालू आहे त्यामुळं सगळ्या स्टाफच्या फायली काढल्या, तर कुणाचा बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचा कोर्स) संपलाय, कुणाचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन संपत आलंय. मॅट्रन मॅडम म्हणाल्या तुझी आयसीयूत एवढी वर्षं झालीत तर क्रिटिकल केअरचं काहीतरी करून घे. पण काहीतरी म्हणजे नक्की काय तेच कळंना. एकजण म्हणतंय पोस्ट बेसिक डिप्लोमा कर, वर्गातली मैत्रीण दुबईला आहे ती म्हणते डायरेक्ट सीसीआरएन दे, म्हणजे आयसीयू नर्सिंगची अमेरिकेची परीक्षा. त्यात सगळ्याला मुदत, म्हणजे एकदा करून भागत नाही, परत परत पैसे भरा. पोरगी लहान आहे, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला असतात, नोकरी सोडून शिकणं अवघड आहे. कुणी केलं असेल तर नीट सांगा.

माजी_इनचार्ज_मिरज
ताई, तुमच्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकात मिसळल्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हे नर्स म्हणून काम करायची परवानगी आहे, ते दर 5 वर्षांनी रिन्यू होतं आणि त्यासाठी त्या 5 वर्षांत 150 तासांचं सीएनई, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायचं नर्सिंगचं शिक्षण, दाखवायला लागतं. ह्याला पर्यायच नाही, आधी हे बघा, आणि मुदत संपायची वाट बघू नका.

बीएलएस आणि त्याच्या पुढचा कोर्स एसीएलएस, ह्यांचं कार्ड वेगळं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड 2 वर्षं चालतं.

पोस्ट बेसिक डिप्लोमा म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा 1 वर्षाचा रेसिडेन्सीसारखा, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायचा कोर्स, क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, निओनेटल, ओटी असे बरेच विषय आहेत. जीएनएमवाल्यांना चालतो, हे महत्त्वाचं. पास झाल्यावर कौन्सिलकडं जादा क्वालिफिकेशन म्हणून नोंद करून घ्यायची, पुष्कळजणी तेवढंच विसरतात. त्याच्यापुढं नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर आहे पण तो 2 वर्षांचा मास्टर्स, त्याला बीएस्सी पाहिजे, म्हणजे तुम्हाला आधी पोस्ट बेसिक बीएस्सी करायला लागेल.

तुमची घरची परिस्थिती बघता आत्ता रजिस्ट्रेशन आणि एसीएलएस करून टाका आणि डिप्लोमा पोरगी शाळेत जायला लागली की करा.

विट्याचा_ब्रदर
मूळचा विट्याचा, आता अमेरिकेत आयसीयूत आहे. सीसीआरएनबद्दल लिहितो कारण आपल्याकडं लई गैरसमज आहे. ती परीक्षा द्यायला आधी अमेरिकेचं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स लागतं, म्हणजे एनक्लेक्स (तिथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास होऊन तिथल्या एखाद्या राज्याचं लायसन्स मिळाल्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही, त्यामुळं सांगलीत बसून डायरेक्ट सीसीआरएन हा विषयच सोडा. शिवाय मागच्या 2 वर्षांत 1,750 तास नाहीतर 5 वर्षांत 2,000 तास क्रिटिकल पेशंट प्रत्यक्ष सांभाळल्याचे दाखवायचे. पेपर 150 प्रश्नांचा, 3 तास, त्यातले 25 प्रश्न ट्रायलचे असतात, त्याचे मार्क धरत नाहीत पण ते कुठले हे आपल्याला कळत नाही.

सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. रिन्यू करताना एकतर परत परीक्षा द्यायची नाहीतर 100 पॉइंटचं शिक्षण दाखवायचं, आणि दोन्हीकडं 3 वर्षांत 432 तास बेडसाइडला काम पाहिजे, त्यातले 144 शेवटच्या वर्षात. ही अट मला मनापासून पटते, कारण वॉर्ड सोडून ऑफिसात बसलेल्या माणसाला नुसत्या जुन्या पुण्याईवर आयसीयूचा तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. आणि सगळ्यांची मुदत सारखी नसते, इमर्जन्सीचं सीईएन आणि कॅन्सरचं ओसीएन 4 वर्षांचं आहे, ओटीचं सीएनओआर 5 वर्षांचं.

कराडची_स्टाफ
हे सगळं बरोबर आहे पण पैशाचं कोण बोलणार? मी आधी जिथं होते तिथं एसीएलएस स्वतःच्या खर्चानं करायला लावलं, सुट्टी पण आपल्याच सीएलमधनं (किरकोळ रजेतनं), नाईट करून सकाळी ट्रेनिंगला बसलो आम्ही. ओरिजिनल सर्टिफिकेट मात्र हॉस्पिटलच्या कपाटात. पगारात एक रुपयाचा फरक नाही. रिन्युअल पाहिजे तर पाहिजे, पण ज्या हॉस्पिटलला ऑडिटमध्ये ते दाखवायचंय त्यानं फी आणि ड्युटी लीव्ह द्यायला नको का? तुम्ही सगळे करा करा म्हणता म्हणून राग येतो.

माजी_इनचार्ज_मिरज
राग अगदी रास्त आहे. फी आणि रजा हॉस्पिटलनंच दिली पाहिजे, आणि ओरिजिनल कुणाकडंही ठेवू नका, झेरॉक्सवर सही करून द्यायची. पण त्या रागात शिकणं सोडू नका एवढंच म्हणणं आहे.

आता हे बघा, नॉरअ‍ॅड (बीपी टिकवून धरायचं औषध) चालू असलेला पेशंट, सिरिंज संपत आलीय. नवीन पोरगी पंपाचा अलार्म वाजल्यावर औषध भरायला घेते, तेवढ्यात बीपी 60 वर येतं, कारण त्या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत उतरतो. शिकलेली सिस्टर दुसरी सिरिंज आधीच भरून, लेबल लावून दुसऱ्या पंपावर चालू करते, बीपी थोडं चढताना दिसलं की मग जुना पंप हळूहळू कमी करते. पेशंटच्या नातेवाइकाला काही कळत पण नाही. हे कुणीतरी शिकवायला लागतं, वर्षं मोजून आपोआप येत नाही.

आणि रिन्युअल का, तर सीपीआर घ्या. आम्ही शिकलो तेव्हा आधी एअरवे (श्वासाची वाट मोकळी करणं), मग श्वास, मग छाती दाबणं. 2010 साली ते फिरवून छाती दाबणं पहिलं आणलं. 2015 ला वेग मिनिटाला 100 ते 120 असा बांधून दिला, त्याआधी नुसतं 100 च्या वर म्हणायचे आणि लोक घाईघाईनं कसंही दाबायचे, छाती परत वर यायला वेळच द्यायचे नाहीत. जिचं कार्ड 2008 चं आहे ती आजही जुन्याच क्रमानं जाणार, आणि त्यात तिचा काय दोष, तिला परत कुणी बोलावलंच नाही.

सांगली_आयसीयू
सगळ्यांचे खूप आभार. सीसीआरएनचा विचार सोडला. मॅट्रन मॅडमना फी आणि ड्युटी लीव्हचं लेखी विचारते, आम्ही चौघी-पाचजणी मिळून अर्ज देणार आहे. एकच राहिलं, सीएनईचे तास कसे धरतात? आमच्याकडं दर महिन्याला क्लास होतो, ते चालतं का?

माजी_इनचार्ज_मिरज
नुसता हॉस्पिटलमधला क्लास धरत नाहीत, कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता लागते. सर्टिफिकेटवर कौन्सिलचं नाव आणि तास लिहिलेत का ते तिथंच बघून घ्या, घरी आल्यावर काही उपयोग नाही. चौघी-पाचजणी आहात तर अर्जात हे पण घाला की महिन्याचा क्लास कौन्सिलची मान्यता घेऊन भरवा, म्हणजे तास ड्युटीतच होतील.