ग्रेव्ह्ज आजार : रेडिओआयोडीन की शस्त्रक्रिया? अनुभव हवे आहेत

नमस्कार.

माझ्या पत्नीला (वय ३४) ग्रेव्ह्ज आजार, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा आजार आहे. थायरॉइडचे काम मंदावणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळ्यांनी टी३ आणि टी४ ही थायरॉइडची संप्रेरके आटोक्यात आली होती. परंतु गोळ्या थांबवल्यानंतर काही महिन्यांतच धडधड, हातांची थरथर आणि वजन घटणे पुन्हा सुरू झाले. आता एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (संप्रेरकतज्ज्ञांनी) रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन सुचवले असून, १० मिलिक्युरीची मात्रा देऊन त्याच दिवशी घरी सोडतात, असे न्यूक्लिअर मेडिसिन विभागात सांगण्यात आले.

हा उपचार १९४१ पासून वापरात आहे. आयोडीन-१३१ थायरॉइड ग्रंथीतच साठते, त्याचे बीटा किरण एखाद-दोन मिलिमीटरच्या पलीकडे फारसे पोहोचत नाहीत आणि अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे असते, हे समजल्यामुळे घरातील ज्येष्ठांना वाटणारी धास्ती मला वाटत नाही. पुढे बहुधा आयुष्यभर थायरॉक्सिन (थायरॉइडचे संप्रेरक) गोळीतून घ्यावे लागेल, हेही आम्ही मान्य केले आहे.

अडचण डोळ्यांची आहे. तिचा उजवा डोळा किंचित पुढे आला आहे, पापण्या सुजतात आणि सकाळी डोळ्यांतून पाणी येते. नेत्रतज्ज्ञांच्या मते डोळ्यांतील दाह अजून सक्रिय असल्याने रेडिओआयोडीनने तो वाढू शकतो, म्हणून ग्रंथी काढणे बरे. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात की त्रास सौम्य आहे आणि सोबत प्रेडनिसोलोन दिले की पुरते. ज्यांनी असे स्टेरॉइड घेतले, त्यांचे डोळे वर्षभरानंतर कसे होते?

दुसरा मुद्दा अपत्याचा. आम्हाला दुसरे मूल हवे आहे. उपचारानंतर किमान ६ महिने गर्भधारणा टाळावी लागते, एवढे थांबायला हरकत नाही. परंतु तिची टीआरएबी ही थायरॉइडला उत्तेजित करणारी अँटिबॉडी आधीच बरीच वाढलेली आहे, रेडिओआयोडीननंतर ती आणखी वाढून दीर्घकाळ तशीच राहू शकते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. शस्त्रक्रियेनंतर ती तुलनेने लवकर उतरते, असे वाचल्यापासून माझा कल तिकडे झुकू लागला आहे. मात्र आवाजाची नस दुखावण्याची आणि कॅल्शियम कमी होण्याची भीती वाटते. शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांनी याबद्दल मोकळेपणाने लिहावे.

आमची मुलगी ३ वर्षांची असून ती आईला बिलगल्याशिवाय झोपत नाही. रेडिओआयोडीन घेतलेच, तर काही दिवस वेगळे झोपणे आणि लहान मुलांपासून अंतर राखणे भाग आहे. दोन खोल्यांच्या घरात ते निभणार नाही, हे उघड आहे. मुलीला आजोळी पाठवावे की पत्नीनेच अन्यत्र राहावे? मला दुसरा पर्याय सोपा वाटतो, कारण मुलीची बालवाडी आणि रोजचा क्रम मोडणार नाही.

सध्या पत्नी पुन्हा कार्बिमॅझोल आणि धडधड कमी करणारे प्रोप्रानोलॉल घेत आहे. रेडिओआयोडीनच्या मात्रेच्या किती दिवस आधी तुम्हाला कार्बिमॅझोल बंद करायला सांगितले होते, आणि त्या काळात धडधड वाढली का, हेही कृपया कळवावे.