मदत हवी आहे: आरसेपमधून बाहेर राहून आपण नेमकं काय वाचवलं?

नमस्कार मंडळी. आमच्या दूध संस्थेच्या सभेत मला आरसेपवर, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांमधल्या आयात शुल्क कमी करणाऱ्या व्यापार करारावर बोलायचं आहे. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने आरसेपला नकार दिला. उरलेल्या १५ देशांनी २०२० मध्ये सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू होऊ लागला. इथवर मला माहीत आहे.

दुधाचा मुद्दाही कळतो. न्यूझीलंडची स्वस्त भुकटी आली असती तर दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्याचा दर पडला असता. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

अडतंय ते चीनपाशी. आसियान (व्हिएतनामसारख्या आग्नेय आशियाई देशांचा गट), जपान, दक्षिण कोरियाशी आपले वेगळे व्यापार करार आधीपासून होतेच, म्हणजे खरी भीती चिनी मालाची होती. पण करार नसतानाही औषधांचा कच्चा माल आणि सौर पॅनेलचे सुटे भाग आपण तिथूनच मोठ्या प्रमाणात घेतो. मग आर्थिक सुरक्षा आयात शुल्काने साधते, की इथे कारखाने उभे राहिल्यावरच?

दुसरं, चिनी माल व्हिएतनाममार्गे आसियान कराराच्या शुल्क सवलतीत शिरू नये म्हणून २०२० मध्ये मूळ देशाच्या पुराव्याचे नियम कडक झाले. न्हावाशेवा बंदरात आयातीचं काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा: प्रत्यक्षात ही तपासणी कशी होते? कागद पाहून सोडतात की मालापर्यंत जातात? मराठीत यावर चांगलं वाचन असेल तर तेही सुचवा.