मदत हवी आहे: सिकलसेलमधील बदल सहाव्या स्थानी की सातव्या?

बारावीच्या विद्यार्थ्यांना जनुकापासून प्रथिन कसे बनते हे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या उदाहरणाने शिकवताना एक अडचण आली आहे. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधील प्रथिन-साखळीच्या जनुकातील एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी हा क्रम (संदेशवाहक आरएनएशी जुळणाऱ्या धाग्याचा, साच्याच्या नव्हे) कोणत्या तीन अक्षरांनी कोणते अमिनो आम्ल येते त्या तक्त्यावरून उलगडला, तर ज्या जीएजीचे जीटीजी होऊन ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, ते सातवे ठरते. पाठ्यपुस्तक मात्र सहावे म्हणते. आरंभीचे मेथिओनिन (एटीजीमुळे येणारे अमिनो आम्ल) काढले जाते आणि तयार साखळी व्हॅलिनपासून मोजतात, म्हणून हा फरक पडतो, इतके स्पष्ट आहे. हे मेथिओनिन साखळी रायबोसोमवर (पेशीत प्रथिन जोडणाऱ्या यंत्रणेवर) वाढत असतानाच तोडले जाते की ती सुटल्यावर, आणि काही प्रथिनांत ते तसेच राहते ते कशामुळे?