अडीच महिन्यांच्या बाळाला पॅरासिटामॉल: एवढ्याशा लिव्हरला झेपतं का?

चिऊचीआई, इंदापूर:
काल उपकेंद्रात चिऊला पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) दुसरा डोस दिला. संध्याकाळी मांडी सुजली, ताप १००.८ पर्यंत गेला. बालरोगतज्ज्ञांना फोन केला. वजन ५ किलो आहे म्हटल्यावर त्यांनी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स अर्धा मिली द्यायला सांगितले, गरज लागली तर सहा तासांनी पुन्हा. ताप उतरला. पण सासरे म्हणतात, या गोळ्यांनी मोठ्यांचं लिव्हर जातं, मग या एवढ्याशा जिवाचं काय? बाळाच्या पोटात गेल्यावर या औषधाचं नेमकं होतं काय?

सिस्टर_कोल्हापूर:
ताई, मी नवजात बाळांच्या आयसीयूत काम करते. तुमच्या सासऱ्यांची काळजी रास्त आहे, त्यांना नीट सांगायलाच हवं.

मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलचा बराचसा भाग ग्लुकुरॉनिक आम्लाला जोडला जातो, काही सल्फेटला. जोडला गेला की तो निरुपद्रवी होतो आणि लघवीवाटे निघून जातो. तान्ह्या बाळात यातली पहिली वाट कच्ची असते. (नवजात बाळांना कावीळ होते त्यामागेही हे एक मोठं कारण. काविळीचा पिवळा रंग ज्याचा, त्या बिलिरुबिनलासुद्धा बाहेर पडायला हीच जोडणी लागते, ती होईना म्हणून कित्येक बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं.) सल्फेटची वाट मात्र जन्मापासून चांगली चालते, बाळाची सगळी भिस्त तिच्यावर.

लिव्हर बिघडवतो तो तिसरा, छोटा हिस्सा. सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम त्यापासून एक विषारी पदार्थ बनवतं. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरू लागतात. नवजात बाळात हे एन्झाइम कमी असतं, त्यामुळे विषही कमी तयार होतं.

पण म्हणून सैल सोडू नका. मोठ्या माणसाच्या रक्तातलं प्रमाण दोन-अडीच तासांत निम्मं होतं, नवजात बाळाला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, वेळेआधी जन्मलेल्याला त्याहून जास्त. डोस घाईघाईने दिले तर औषध अंगात साचत जातं. शिवाय हे औषध शोषलं जातं लहान आतड्यात, आणि नवजात बाळाचं जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून गुण यायला वेळ लागतो. अर्ध्या तासात ताप उतरला नाही की घरात कुणीतरी म्हणतं, ‘लागू पडलं नाही, अजून थोडं द्या.’ मला सगळ्यात भीती या वाक्याची वाटते. डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर पाळाच.

मेडिकलवाला_सांगली:
सिस्टर बरोबर बोलल्या, माझी भर बाटलीबद्दल. डोस वजनावर, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये सहसा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे तुमचा अर्धा मिली ५० झाला, किलोला १०. सिरपमध्ये मात्र ५ मिलीत १२५ किंवा २५०. ड्रॉप्स चुकून चमचाभर, ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, मोठ्या माणसाची अख्खी गोळी! अमेरिकेत २०११ मध्ये कंपन्यांनी तान्ह्यांचं आणि मोठ्या मुलांचं द्रव औषध एकाच ताकदीचं, ५ मिलीत १६०, करायचं ठरवलं, ते याच घोळामुळे. आपल्याकडे दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात. लेबल वाचल्याशिवाय दुकानातून हलू नका, आणि बाटलीबरोबर आलेला ड्रॉपरच वापरा.

चिऊचीआई:
बाटली पाहिली, १०० चीच आहे. आज सकाळी ९९, दूध नीट पितेय. ताप परत चढला तर शेजारच्या काकू आयबुप्रोफेन द्या म्हणतात, त्यांच्या नातवाला देतात.

सिस्टर_कोल्हापूर:
नको ताई. काकूंचा नातू मोठा असेल. एवढ्या लहान बाळाच्या किडनीवर त्याचा ताण येतो, डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय द्यायचं नाही. लसीचा ताप बहुधा दोन दिवसांत जातो. त्यापुढे राहिला, किंवा आजच चिऊ दूध सोडून मलूल पडली, तर घरी औषध वाढवत बसू नका, थेट दाखवायला न्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा १००.४ च्या वरचा ताप लसीचाच आहे असं घरबसल्या ठरवता येत नाही, तुम्ही लगेच फोन केलात ते फार चांगलं केलंत. साडेतीन महिन्यांच्या लसीला जाल तेव्हा आधी वजन करून घ्या, डोस त्या वजनावर पुन्हा विचारा.